आधी उतार, मग चढ : इंदूरजवळच्या खोहांमध्ये आणि पायवाटांवर चालताना

इंदूरच्या मराठी घरांमध्ये भटकंतीचे पहिले धडे बहुधा पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांकडून मिळालेले असतात. ते धडे चांगले असले तरी सह्याद्रीचे असतात. तिकडे गडाच्या पायथ्याशी गाडी लावायची, सकाळच्या ताज्या दमात चढायचे आणि थकल्यावर उतरायचे, असा दिवसाचा क्रम असतो. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेले आहे आणि महूच्या दक्षिणेला हे पठार एकाएकी तुटून खाली निमाडच्या बाजूला कोसळते. पातालपाणी, तिंछा, कजलीगढ, मुहाडी, हत्यारी खोह (खोह म्हणजे खोल, अरुंद दरी) या सगळ्या जागा त्या तुटलेल्या काठावरच्या आहेत. गाडी थेट वरच्या काठापर्यंत जाते, पाय खाली उतरतात आणि खरा चढ वाट्याला येतो तो दुपारी, ऊन डोक्यावर आल्यावर आणि पिशवीतले पाणी संपत आल्यावर. जानापाव आणि रालामंडल हे दोन डोंगर तेवढे याला अपवाद आहेत. या लेखातील बहुतेक सूचना या एका उलट्या क्रमातूनच निघालेल्या आहेत.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाला घेऊन मी चोरलच्या बाजूच्या एका दरीत उतरलो होतो. मार्चचा शेवटचा आठवडा होता. त्याने राजगड-तोरण्याचा अनुभव सांगत दोघांत मिळून दोन लिटर पाणी पुरेसे ठरवले आणि मीही यजमान म्हणून भिडेखातर मान डोलावली. पाऊण तासात आम्ही तळाशी पोहोचलो, तिथे पोहे आणि शेव खाल्ली आणि पाणी संपवले. परतीला दोन तास लागले. शेवटच्या टप्प्यात त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि एका गुराख्याने आपल्या कॅनमधले पाणी दिले नसते, तर आम्हांला उन्हे उतरेपर्यंत पळसाच्या विरळ सावलीत बसून राहावे लागले असते. भावाचा अंदाज सह्याद्रीसाठी चुकीचा नव्हता. इथला भूगोल मला ठाऊक असूनही मी गप्प बसलो, ही चूक माझी होती.

वेळ आणि पाणी यांचा हिशेब

सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाईमागे आणखी एक तास, असा डोंगर चालणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. तो धडधाकट माणसासाठी आणि बऱ्या वाटेसाठी आहे. मुले, वडीलधारी मंडळी किंवा सुटे दगड असतील तर त्यात निम्म्याने वाढ करावी. खोहमध्ये उतरताना हाताशी असलेल्या वेळेचे मनातल्या मनात तीन भाग करावेत. एक भाग उतरण्यासाठी खर्च करावा आणि उरलेले दोन परतीसाठी राखून ठेवावेत. मागे फिरण्याची वेळ घरून निघतानाच ठरवावी आणि ती सोबतच्या सर्वांना सांगावी, म्हणजे धबधबा अगदी दोन वळणांवर राहिला असला तरी घड्याळात ती वेळ होताच मागे वळण्यावरून वाद होत नाही. डिसेंबरात इंदूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दरीच्या तळाशी पश्चिमेकडील कड्याची सावली त्याच्या कितीतरी आधी पडते. त्यामुळे हिवाळ्यात दुपारी तीननंतर तळाशी थांबू नये आणि एका माणसाकडे तरी मोबाइलच्या दिव्याव्यतिरिक्त वेगळी विजेरी असावी.

पाण्याचे प्रमाण चालण्याच्या दर तासाला माणशी अर्धा लिटर असे धरावे. मार्चनंतर ते जवळपास दुप्पट करावे. तळाशी पोहोचाल तेव्हा निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असले पाहिजे, हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नसेल तर पुढे न जाता तिथूनच परतावे. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ ही माळव्याची जुनी ओळख आपण कौतुकाने सांगतो, पण ओढ्यातले पाणी न उकळता पिण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत, कारण त्याच पाण्यात वरच्या गावांची गुरे बसतात. मीठ-साखरेची पुडी किंवा ओआरएसचे पाकीट खिशात असावे. घाम येऊनही लघवी फार गडद होऊ लागली, डोके दुखू लागले किंवा सोबतीचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर उन्हाचा त्रास सुरू झाला आहे असे समजावे, त्याला सावलीत बसवावे, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे आणि वारा घालावा. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

दरीत उतरताच मोबाइलचे नेटवर्क जाते. म्हणून कुठे उतरत आहोत, किती जण आहोत आणि किती वाजेपर्यंत वर येऊ, हा निरोप काठावर उभे असतानाच घरी पाठवावा. नकाशाही आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. मदतीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत, पण तळाशी ते लागणार नाहीत हेही गृहीत धरावे. शिटी जवळ ठेवावी आणि लागोपाठ तीन वेळा वाजली की ती मदतीची हाक आहे, हे गटात आधीच ठरवून घ्यावे.

पावसाळ्यातले पाणी

चोरल नदी पातालपाणीला सुमारे 300 फूट खाली उडी घेते आणि पुढे नर्मदेला मिळते. जुलै 2011 मध्ये इथेच पात्रातल्या दगडांवर उभी असलेली सहलीची माणसे अचानक आलेल्या लोंढ्याने कड्यावरून वाहून गेली. त्या घटनेची दृश्ये देशभर पाहिली गेली आणि तरीही दर पावसाळ्यात तशाच दगडांवर उभे राहून फोटो काढणारी माणसे दिसतात. लोंढा का येतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. धबधब्यापाशी ऊन पडलेले असते, परंतु नदीचे पाणलोट क्षेत्र मागे पठारावर पसरलेले असते आणि तिथे झालेला पाऊस काळ्या खडकावरून आणि भिजून तुडुंब झालेल्या काळ्या मातीवरून फारसा न मुरता थेट पात्रात येतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला तो पाऊस दिसत नाही आणि त्याचा आवाजही येत नाही.

म्हणून आपल्या डोक्यावरच्या आभाळाबरोबरच नदी ज्या दिशेने येते त्या दिशेचे आभाळही पाहावे. पाणी गढूळ होऊ लागणे, त्यात अचानक पाला-काटक्या वाहत येणे, मघाशी कोरडा असलेला एखादा दगड ओला दिसणे किंवा धबधब्याचा आवाज जड होणे, यांतली एक जरी खूण दिसली तरी सामान गोळा करण्यात वेळ न घालवता पात्राच्या बाहेर आणि वर चढावे. चपला राहिल्या तर राहू द्याव्यात. ज्या काठावर परतीची वाट आहे त्याच काठावर थांबावे, कारण पलीकडे अडकलेल्या माणसाला घाईघाईने पात्र ओलांडण्याचा मोह होतो आणि बरेचसे अपघात त्याच क्षणी होतात. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ते ओलांडूच नये. हाच नियम गाडीलाही लागू होतो. रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर पुढची जीप गेली म्हणून आपणही जावे, असे मुळीच नाही. डबक्यांत पोहणे तर टाळावेच, कारण खडकात झिजून तयार झालेल्या या कुंडांची खोली काठावरून कळत नाही, कडा शेवाळलेल्या असतात आणि आत पडलेल्याला धरायला काहीच सापडत नाही.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोक्याच्या जागांवर जाण्यास मनाई करते. निघण्यापूर्वी त्या दिवसाची स्थिती पाहावी आणि कठडा ओलांडू नये. ‘आम्ही लहानपणापासून इथे येतो’ हे वाक्य मी कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसांकडून पुष्कळदा ऐकले आहे. हत्यारी, म्हणजे जीव घेणारी; खोहला लोकांनी हे नाव उगाच दिलेले नसावे.

पायाखालचा दगड

विंध्याचा हा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. कोरडा असताना तो पाय घट्ट धरतो, पण ओला होताच त्यावरचे शेवाळ साबणासारखे होते. गुळगुळीत झालेले जुने धावण्याचे बूट आणि चपला इथे निरुपयोगी ठरतात. खोल खाचांचा तळ असलेले बूट घालावेत. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून जाताना काळी माती तळव्याला चिकटून खाचा बुजतात, तेव्हा खडकावर पाय ठेवण्याआधी बूट आपटून मोकळे करावेत. तीव्र उतारावर सर्वांनी एकाच सरळ रेषेत वर-खाली असू नये, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. दगड सुटलाच तर ‘दगड, दगड’ असे मोठ्याने ओरडावे आणि खाली आपली माणसे नसली तरी ओरडावे, कारण झाडीत गुराखी असू शकतो. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे आणि वाट माहीत असलेल्या दुसऱ्या माणसाने सर्वांत मागे राहावे. मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर मागच्या मंडळींची वाट पाहायची आणि ती धापा टाकत पोहोचताच पुन्हा निघायचे, ही आपल्या गटांची एक वाईट खोड आहे. त्यात विश्रांतीची गरज ज्याला सर्वाधिक असते त्यालाच ती मिळत नाही.

ही वाट आधी कोणाची आहे

ज्यांना आपण ‘ट्रेल’ म्हणतो त्या बहुतेक वाटा भिल्ल आणि भिलाला वस्त्यांच्या रोजच्या रहदारीच्या आहेत. याच वाटांनी शेळ्या चरायला जातात, मुले शाळेत जातात आणि बायका गवताचे भारे व जळणाच्या मोळ्या घेऊन येतात. आपण रविवारी येतो आणि त्यांना या वाटांवरून सोमवारीही चालायचे असते.

अरुंद वाटेवर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, हा सर्वत्र मान्य असलेला संकेत आहे, कारण चढताना लागलेली लय मोडली की पुन्हा लावणे कष्टाचे जाते, शिवाय खाली मान घालून चढणाऱ्याला समोरचे कमी दिसते. परंतु ज्याच्या डोक्यावर ओझे आहे त्याला मात्र तो चढत असो वा उतरत असो, नेहमीच वाट द्यावी. बाजूला होताना डोंगराच्या अंगाला उभे राहावे, दरीच्या अंगाला नव्हे. गुरे किंवा शेळ्यांचा कळप येत असेल तर हे अधिकच काटेकोरपणे पाळावे, कारण एखादी म्हैस बुजून अंगावर आली तर दरीकडे उभ्या असलेल्या माणसाला हलायला जागाच उरत नाही. कळप जाईपर्यंत स्थिर उभे राहावे, काठी उगारू नये, कॅमेरा पुढे करू नये आणि कळपाच्या कुत्र्याकडे पाठ फिरवून पळू नये. मागून येऊन कोणाला ओलांडायचे असेल तर आधी आवाज द्यावा. मोठ्या गटाने ओळीने चालावे आणि थांबायचे असल्यास वाट मोकळी ठेवून बाजूला थांबावे. आठ-दहा जणांहून मोठा गट असेल तर त्याचे दोन भाग करून मध्ये दहा-पंधरा मिनिटांचे अंतर ठेवणे बरे.

भेटणाऱ्याला ‘राम राम’ म्हणावे. एवढ्याने वाटेची बरीच माहिती आपोआप मिळते. पुढचा ओढा भरला आहे का, कोणत्या बाजूला जनावर दिसले, हे कोणत्याही ॲपपेक्षा गुराख्याला अधिक ठाऊक असते. फोटो काढण्याआधी विचारावे आणि ‘नाही’ म्हटल्यावर दुरूनही काढू नये. सोयाबीन उभे असताना बांध चिखलाने भरला म्हणून पिकातून वाट काढू नये, बूट भरले तरी बांधावरूनच जावे. काटेरी कुंपणात जाण्या-येण्याची फट असेल आणि ती काट्याच्या फांदीने बंद केलेली असेल, तर ओलांडल्यावर ती फांदी होती तशी लावून ठेवावी.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात आणि ती वेचण्यासाठी बायका-मुले पहाटेपासून झाडाखाली असतात. झाडाखालची जमीन त्यांनी आधीच झाडून साफ केलेली असते. ती सावली बसायला छान वाटते, पण ते त्यांचे खळे आहे असे समजून दुसरे झाड शोधावे. याच दिवसांत सारे जंगल वाळलेले असते आणि एक विडी किंवा मॅगीसाठी पेटवलेल्या तीन दगडांच्या चुलीतली एक ठिणगी अख्खी टेकडी जाळते. उन्हाळ्यात खायला घरून तयार घेऊन जावे आणि आग मुळीच पेटवू नये.

पातालपाणीजवळ टंट्या भिल्लांचे मंदिर आहे आणि तिथे रेल्वेगाडी क्षणभर थांबवून त्यांना मान देण्याची प्रथा पडली आहे. इंग्रजांनी 1889 मध्ये फाशी दिलेले हे वीर इथल्या लोकांसाठी आजही ‘मामा’ आहेत. त्या परिसरात गाणी लावू नयेत. खरे तर स्पीकर कुठल्याच वाटेवर नेऊ नये. एकाची आवड दोनशे मीटरपर्यंत सर्वांवर लादली जाते आणि लोंढ्याचा किंवा सुटलेल्या दगडाचा आवाज त्यात बुडतो.

रूळ, मधमाश्या आणि इतर काही

पातालपाणी ते कालाकुंड हा मीटरगेज मार्ग घाटाच्या कुशीतून जातो आणि त्यावर 2018 च्या डिसेंबरपासून हेरिटेज गाडी धावते. हा मार्ग अतिशय सुंदर असल्याने अनेक जण रुळांवरूनच चालत जातात. तसे करणे रेल्वेच्या कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय बोगद्यात आणि पुलावर बाजूला व्हायला जागा नसते. ज्यांना ही दरी पाहायची आहे त्यांनी गाडीत बसावे आणि कालाकुंडला उतरून तिथला कलाकंद खावा, याहून चांगला सल्ला माझ्याजवळ नाही.

कड्यांवर, पुलांखाली आणि कजलीगढसारख्या पडक्या भिंतींवर आग्या मोहोळ असते. तीव्र वासाचे अत्तर, धूर, फेकलेला दगड आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. त्या उठल्याच तर झटकत उभे न राहता डोके आणि तोंड कपड्याने झाकून सरळ दूर पळावे. पाण्यात बुडी मारू नये, कारण त्या वर घिरट्या घालत राहतात. डंख जास्त असतील, ओठ सुजले किंवा श्वास लागू लागला तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

साप चावल्यास चिरा देणे, रक्त चोखणे आणि करकचून दोरी बांधणे हे तिन्ही प्रकार वर्ज्य समजावेत. चावलेला हात किंवा पाय हलू न देता फळीने किंवा काठीने स्थिर करावा, अंगठी आणि घड्याळ काढावे आणि माणसाला चालायला न लावता उचलून वर आणावे. साप शोधत बसू नये. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळते, त्यामुळे महू किंवा इंदूरची वाट धरावी, एखाद्या भगताकडे वेळ घालवू नये.

या जंगलांत बिबटे आहेत आणि 2023 च्या उन्हाळ्यात महूच्या परिसरात वाघाचाही वावर होता. पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने चालू नये, लहान मुलांना गटाच्या मध्ये ठेवावे आणि बिबट्या समोर आलाच तर न पळता, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकावे. रालामंडल हे 1989 पासून अभयारण्य आहे. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे. नव्याने चालायला लागलेल्यांसाठी ही जागा उत्तम असली तरी ती प्राण्यांची आहे, म्हणून ठरलेला रस्ता सोडू नये आणि चितळांना बिस्किटे घालू नयेत.

जानापावचा माथा सुमारे 854 मीटर उंच आहे आणि आसपासच्या उघड्या पठारावर तोच सर्वांत उंच दिसतो. विजेच्या दृष्टीने हे फार वाईट लक्षण आहे. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर माथा सोडून खाली उतरावे आणि एकट्या झाडाचा आडोसा घेऊ नये.

महूजवळ बेरछा येथे लष्कराचे गोळीबाराच्या सरावाचे क्षेत्र आहे. लाल झेंडा किंवा सूचनाफलक दिसला की वाट बदलावी आणि रानात पडलेली धातूची कोणतीही अनोळखी वस्तू पायानेसुद्धा हलवू नये.

कचरा

2017 पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिले आलेले आपले शहर घरी ओला-सुका कचरा वेगळा करते आणि रविवारी तीच माणसे नमकीनची पाकिटे पातालपाणीला सोडून येतात, हे कोडे मला सुटलेले नाही. प्रत्येकाने आपल्याबरोबर एक रिकामी पिशवी न्यावी, आणि केळीची व संत्र्याची सालेसुद्धा त्यातच परत आणावीत, कारण वाटेवर ती पडली की माकडे माणसांच्या पिशव्यांना हात घालायला शिकतात. शौचाला जावे लागल्यास ओढ्यापासून साठ-सत्तर पावले दूर जावे, वीतभर खड्डा करावा आणि मातीने बुजवावा. कागद आणि सॅनिटरी पॅड मात्र पिशवीत घालून घरी आणावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी दारात येतेच.

परत काठावर पोहोचल्यावर गाडी सुरू करण्याआधी माणसे मोजावीत. ‘सगळे आले का’ असे विचारू नये, कारण जो आलेला नाही तो उत्तर देत नाही. संख्या निरोपातल्या संख्येशी जुळली की घरी वर आल्याचे कळवावे आणि मग चहाची टपरी शोधावी.